तलावांच्या अभ्यासास उपग्रहांची जोड

भंडारा जिल्ह्यातील सानगडीच्या परिसरात भातशेतीला माजी मालगुजारी तलावांचा मोठा आधार आहे. गाळ व अतिक्रमण यांमुळे एखाद्या तलावाचे जलक्षेत्र किती घटले, हे तपासण्यास आज आंतरराष्ट्रीय सहकार्य उपयोगी पडते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ मध्ये अभ्यासकांस विनामूल्य खुली झाली. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेची, १० मीटरपर्यंतचा तपशील दाखविणारी चित्रेही २०१५ पासून उपलब्ध आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आलेल्या भारत-अमेरिकेच्या ‘निसार’ उपग्रहाचे रडार पावसाळी ढगांतूनही भूमीचा वेध घेते. मात्र तळाशी साचलेल्या गाळाची जाडी या चित्रांत दिसत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचे दप्तर आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी काठावर जाऊन केलेली मोजणी यांची जोड आवश्यक आहे.