उघडलं म्हणजे वाचलं का?

मंडळी, हिशेबाची वही कोणी बदलली हे कळायलाच हवं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. टॅलीवाल्यांना तो ‘एडिट लॉग’ ठाऊक असेल. आज मी बोलतोय ते पुढच्या पायरीबद्दल. वही नुसती पाहिली तरी नोंद!

पॉवर बीआयसारखे डॅशबोर्ड विक्री, साठा, येणी आलेखांत दाखवतात. पाठीमागे एक नोंदवही भरत असते: कोणी, किती वाजता, कोणता अहवाल उघडला, उतरवून घेतला का, कोणाला पाठवला. आपल्या मालवणीत, ‘तू काय बघतंस ता माका दिसता.’

याचे उपयोग खरे आहेत. दरांची यादी बाहेर फुटली तर ती कोणी उतरवली होती हे शोधता येतं. कोणीच न उघडणारा अहवाल बंद करता येतो. अडचण येते ती यावरून माणूस जोखायला लागलं की: ‘महिन्यात दोनदाच पाहिलं, म्हणजे कामात लक्ष नाही.’

इथे न्यायशास्त्र कामाला येतं. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं; उलट होत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं इंधनही लागतं. अहवाल उघडणं हा अग्नी, समजून वाचणं हा धूर. पडदा उघडा ठेवून माणूस चहाला गेला तरी नोंद पडतेच. आणि इथे तर सुलट वाटही पक्की नाही. समजा, काजूच्या कारखान्यात हिशेबनीसाने एक प्रत छापली, ती पाच जणांनी वाचली. नोंदीत माणूस एक. बाकीचे चौघे आळशी ठरले की!

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे खरं. पण कचेरीत तेवढ्यावर विसंबू नका. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा नोकरीच्या कामासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, संमतीशिवायही माहिती वापरायला वाव देतो. म्हणजे मर्यादा कचेरीनेच घालायची. पॉवर बीआयच्या वापर-अहवालात माणसांची नावं दाखवायची की नाहीत, हे प्रशासकाला ठरवता येतं. माझं मत असं: उतरवून घेतल्याची नोंद नावानिशी ठेवा, पाहण्याची नुसती बेरीज दाखवा. आणि कर्मचाऱ्यांना आधी सांगा.

सांगितलं तर लोक रोज उगाच उघडून मिटतील, अशी शंका कोणी काढेल. नावावर बढती अडणार असेल तर मिटतीलच. नुसत्या बेरजेसाठी कोण कशाला एवढा खटाटोप करील?