इंडी रॉकचं रिमिक्स ऐकलंय का?

शिरूर अनंतपाळमध्ये रिमिक्स म्हटलं की वरातीतला डीजे आठवतो. इंडी रॉकचं प्रकरण वेगळं. गिटार, बास, ड्रम यांचे सुटे ट्रॅक दुसऱ्या कलाकाराला देतात; तो त्यातून नवंच गाणं उभं करतो. ग्लासगोच्या ‘मोग्वाई’ या बँडचा १९९८चा ‘किकिंग अ डेड पिग’ हा अख्खा अल्बम असाच. त्यातलं केव्हिन शील्ड्स या संगीतकाराचं रिमिक्स हेडफोन लावूनच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नुसता गोंगाट वाटेल. हाच बँड २०१५ साली पुण्यात एनएच७ वीकेंडरला वाजवून गेला! २०१० मध्ये पुण्यातच सुरू झालेला हा महोत्सव. तसा महोत्सव आपल्याजवळही आहे, नांदेडचा ‘संगीत शंकर दरबार’. बाज शास्त्रीय, पण लाइव्ह ऐकायची चटक तिथेही लागते. फेब्रुवारीत एकदा जाऊन याच.