चाकाचं गणित : टायरवरचे आकडे आणि रिमचं माप

गेल्या आठवड्यात हवेच्या दाबाबद्दल बोललो. आता टायरच्या कडेवर उमटवलेल्या आकड्यांकडे वळू. उदाहरणाला मारुतीची स्विफ्ट घेऊ. तिच्या तिसऱ्या पिढीत खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ असे टायर कंपनीतूनच येत. एकाच गाडीला दोन मापं कशी चालतात, हे उमगलं की अर्धा विषय संपला.

१८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे, तर हवा भरलेल्या टायरच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंतची. पुढच्या ६५ पाशी मात्र बहुतेकांची गफलत होते. हे टक्के आहेत. साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. म्हणून रुंदी बदलली की टक्केवारी तीच राहूनही उंची बदलते. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास, तो इंचात.

मिलिमीटर, टक्के आणि इंच, तिघांचा संसार एकाच ओळीत! अँबॅसेडरच्या जमान्यात टायरवर ५.९०-१५ असायचं, दोन्ही मापं इंचांत. पुढे रुंदी मिलिमीटरमध्ये गेली, रिम मागेच राहिली. १९७५ मध्ये मिशेलिनने टीआरएक्स टायर काढून रिमही मिलिमीटरमध्ये मोजायचा घाट घातला. त्यातली ३९० मिमीची रिम १५ इंचांहून जेमतेम मोठी. तिच्यावर साधा टायर बसेना आणि तिचा टायर साध्या रिमवर चालेना. ती पद्धत रुजली नाही.

आता बेरीज. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. वरची आणि खालची साइडवॉल मिळून २४०.५. एकूण व्यास ६२१.५ मिमी. दुसऱ्या मापाचं असंच करा : ३५५.६ अधिक २६४, म्हणजे ६१९.६. फरक दोनेक मिलिमीटरचा! रिम इंचभर वाढली, तेवढं रबर कमी झालं, चाक होतं तेवढंच राहिलं. हा बाहेरचा व्यास सांभाळायचा, कारण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते यावरच स्पीडोमीटरचा हिशेब बेतलेला असतो.

दुकानात मात्र सल्ला मिळतो, ‘साहेब, २०५ टाका, गाडी रोडला चिकटून चालेल.’ २०५/६५ आर १५ चा व्यास भरतो ६४७.५, म्हणजे चार टक्के जास्त. काटा अचूक धरला तरी तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ने पळत असेल. पिकअप मंदावेल, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या लायनरला घासू शकेल. गाडी तेरा मिलिमीटर उंच होते हे खरं, पण आपल्या स्पीडब्रेकरांपुढे तेवढ्याने काय होणार?

शिवाय रिमलाही रुंदी असते. तिच्यावर ५.५जे × १५ असं काही दिसेल. ५.५ ही इंचांतली रुंदी, जे हा कडेचा घाट. १८५/६५ च्या टायरला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. रिम त्याहून अरुंद असेल तर टायर फुगून वळणावर डुलतो. फार रुंद असेल तर तो ताणला जातो, रिमची कड उघडी पडते आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वाकते. बाहेरून अलॉय घेणार असाल तर पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, तंतोतंत जुळायला हवा. स्विफ्टला चार नट आणि १०० मिमी. १०८ ची रिम ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात गाडी उभीच करू नका.

मापानंतर ८८एच असं काही असतं. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतची मर्यादा. आपल्या रस्त्यांवर तिची चिंता कमीच. ८८ मात्र नीट बघा : एका टायरला ५६० किलो भार. ८५ म्हणजे ५१५. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन घाट चढणाऱ्याने गाडीसाठी ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नये. तो आकडा आणि मूळ माप गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. माप बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरही असतं.

पुढच्या भागात : टायरचं वय आणि स्टेपनी.