वाळवंटातील भिंती : अडविण्यासाठी की मोजण्यासाठी?

इ. स. १८९१ मध्ये बंगळूरनजीक यशवंतपूर येथे खोदकाम चालू असता मातीच्या एका भांड्यात १६३ रुप्याची नाणी सापडली. त्यांच्यावर ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस अशा रोमन सम्राटांचे मुखवटे उठविलेले होते. पुढे शहराच्या पूर्वेस विमानतळाच्या परिसरातही रोमन नाणी मिळाली. चित्रदुर्गजवळ चंद्रवळ्ळी येथे १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी केलेल्या उत्खननात टायबेरियसचे नाणे सातवाहनकालीन थरांतून वर आले. आपल्या मराठवाड्यातील पैठण आणि तेर या नगरांची नावे तर एका ग्रीक नाविकाने पहिल्या शतकात लिहिलेल्या प्रवासवृत्तांतातच आढळतात. पैठणचा गोमेद आणि तेरचे तलम कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

या व्यापाराची सागरी बाजू आपल्या परिचयाची आहे. मोसमी वारे, गलबते, मिऱ्यांची पोती यांविषयी आपण बरेच वाचलेले असते. परंतु ही नाणी जहाजावर चढण्यापूर्वी कोणत्या वाटेने आली, याचा विचार सहसा केला जात नाही. ती वाट वाळवंटातून जात होती; आणि तेथील विहिरी, चौक्या, नाकी व भिंती यांचे अवशेष हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पाण्यापासून पाण्यापर्यंत

ईजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचे बंदर होते. तेथून नाईल नदीकाठच्या कॉप्टोस नगरापर्यंतचे अंतर सुमारे ३८० किलोमीटर. या प्रवासास बारा दिवस लागत आणि उष्म्यामुळे बहुतेक वाटचाल रात्रीच करावी लागे, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नमूद केले आहे. मार्गावर ठराविक टप्प्यांनी विहिरी खोदलेल्या होत्या व पुढे विहिरींभोवती चौकोनी तटबंदीच्या चौक्या उभारण्यात आल्या. येथे सलग भिंत कोठेही नाही. तिची आवश्यकताच नव्हती; कारण वाळवंटात माणूस पाण्यापासून पाण्यापर्यंतच चालू शकतो. ज्याच्या हाती विहीर, त्याच्या हाती वाट.

या चौक्यांतील शिपायांनी फुटक्या खापरांवर शाईने लिहिलेली शेकडो पत्रे फ्रेंच संशोधकांना सापडली आहेत. भाजीपाला पाठवा, पाणी कमी पडत आहे, अमुक इसम उंटांसह निघाला आहे, असा त्यांतील बहुतेक मजकूर आहे. मात्र इ. स. ११८ मधील एका खापरावर साठ ‘रानटी’ लोकांनी एका चौकीवर हल्ला केल्याचे वृत्तही आहे. चौकीला तट कशासाठी होता हे त्यावरून कळते. आणि तटाच्या आतील रोजचे जीवन बव्हंशी लढाईवाचून जात होते हेही कळते.

कॉप्टोस येथे इ. स. ९० चा एक शिलालेख मिळाला. त्यात या वाटेवरील पथकराचे दर कोरलेले आहेत. खलाशी, कारागीर, शिपायांच्या बायका, उंट, गाढवे, जहाजाची डोलकाठी, एवढेच नव्हे तर प्रेतयात्रा, या प्रत्येकास वेगळा दर होता. भारतातून येणाऱ्या मालावर याखेरीज मोठी जकात बसे. दुसऱ्या शतकातील एका पपायरसावरून असे दिसते की, केरळातील मुचिरी बंदरातून आलेल्या मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा सरकार घेत असे. चौकी लुटारूंपासून रक्षण करी हे खरे. पण तिने रक्षिलेल्या मालातून सरकारी खजिनाही भरत असे.

बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलोग्रॅमहून अधिक काळी मिरी मिळाली. २०२२ साली तेथील देवालयाच्या आवारात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली आणि सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. रोमचे नाणे यशवंतपुरात आणि सातवाहनांचे नाणे तांबड्या समुद्राच्या काठी, अशी ही देवाणघेवाण होती.

आकाशातून दिसलेली रेषा

आता आपण पश्चिमेकडे, सहारा वाळवंटाच्या उत्तर कडेस जाऊ. तेथे खऱ्याखुऱ्या भिंती व खंदक आहेत.

अल्जीरियातील बिस्क्रा शहराच्या दक्षिणेस मैलोगणती जाणारा एक चर आहे. स्थानिक लोक त्याला पाण्याचा जुना पाट समजत आणि त्याचे नावही तसेच पडले होते. जमिनीवर उभे राहून पाहिले असता तो वाळूने भरलेला, मधूनच लुप्त होणारा उथळ खळगा दिसतो. फ्रेंच वायुदलातील अधिकारी जाँ बारादेझ यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रदेशाची हवाई छायाचित्रे तपासली, तेव्हा तो चर, त्याच्या कडेचा बांध, बुरूज व दरवाजे यांची एक सुसंगत रचना त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. ४०९ च्या एका रोमन कायद्यात आफ्रिकेतील सीमेवरच्या खंदकाचा उल्लेख आहे. तो खंदक हाच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याच रेषेलगतच्या जेमेले येथील छावणीत सम्राट हेड्रियनच्या काळचा, इ. स. १२६ चा लेख आहे. त्यावरून या कामाचा काही भाग तरी हेड्रियनच्या कारकिर्दीतील असावा, असे मानले जाते. ब्रिटनमधील त्याची सुप्रसिद्ध भिंत इ. स. १२२ मध्ये सुरू झाली होती.

उंचावरून हे का दिसते, याचे कारण सोपे आहे. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अगदी लहान उंचवट्याचीही लांब सावली पडते. बुजलेल्या चरातील माती भुसभुशीत असल्याने तेथे ओल अधिक काळ टिकते. म्हणून त्या पट्ट्यात झुडपे दाट वाढतात. जमिनीवर जे तुटक भासते, ते वरून अखंड रेषेसारखे उमटते.

दारे काय सांगतात?

ट्यूनिशियाच्या दक्षिणेस तेबागा आणि मेलाब या दोन डोंगरांमधील खिंडीत सुमारे १७ किलोमीटर लांबीचा मातीचा बांध व खंदक आहे. त्यात ये-जा करण्यासाठी बुरूजांचे दार ठेवलेले आहे. लीबियात हद्द हजार नावाची सुमारे सहा किलोमीटरची भिंत आहे. या अडथळ्यांनी सैन्य थोपविता येईल काय? वळसा घालून जाण्यास किंवा शिडी लावण्यास सैन्याला फारसा वेळ लागणार नाही. मग एवढे श्रम कशासाठी?

उत्तर शोधताना अभ्यासकांचे लक्ष उंटांच्या, शेळ्यामेंढ्यांच्या कळपांकडे गेले. सहाराच्या कडेचे पशुपालक हिवाळा दक्षिणेत काढतात आणि उन्हाळ्यात चाऱ्यासाठी उत्तरेकडे सरकतात. उत्तरेतील शेतकऱ्यांना कापणीसाठी मजूर हवे असतात आणि कापणीनंतर शेतात बसणारे कळप खतासाठी हवे असतात. परंतु तेच कळप कापणीपूर्वी आले तर उभे पीक फस्त होते. आपल्याकडे धनगर मेंढरे घेऊन दुष्काळी माणदेशातून कोकणाकडे उतरतात आणि रिकाम्या शेतात मेंढरे बसविण्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देतात. शेतकरी व मेंढपाळ यांचे नाते गरजेचेही असते आणि तंट्याचेही असते. खिंडीतील भिंत सैन्याला रोखू शकत नसली, तरी कळपाला रोखते; त्याला एकाच दारातून, ठरलेल्या वेळी, मोजून जाण्यास भाग पाडते.

या तर्काला लेखी पुराव्याचे बळ आहे. अल्जीरियातील झराई येथे इ. स. २०२ चा जकातीचा शिलालेख मिळाला. गुलाम, घोडे, खेचरे, कपडे, कातडी, दारू, खजूर, अंजीर यांचे दर त्यात दिले आहेत. एका गुलामावर दीड दिनार आणि एका घोड्यावरही दीड दिनार! बाजाराला नेण्याची गुरे मात्र करमुक्त होती. लीबियातील बू न्जेम या ठाण्यात सापडलेल्या खापरांवर रोजचे अहवाल आहेत. त्यांत वाळवंटातील गारामांते लोक जव लादलेली खेचरे व गाढवे घेऊन आत आल्याची नोंद आहे. दारावरच्या शिपायाने त्यांना हुसकावून लावले नाही. त्याने त्यांची नोंद केली.

लीबियाच्या याच पट्ट्यात आणखी एका प्रकारच्या भिंती आहेत. १९७९ ते १९८९ या काळात ग्रेम बार्कर व बॅरी जोन्स यांच्या पथकाने त्यांची पाहणी केली. जेथे वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही अशा कोरड्या ओढ्यांत आडव्या भिंती घालून, एखाद्या वळिवाचे पाणी व गाळ अडवून तेथील शेतकऱ्यांनी जव आणि ऑलिव्ह पिकविले होते. ज्याने ताली व तळ्यांचे बांध पाहिले आहेत, त्याला हे तंत्र नवे वाटणार नाही. सीमेवरची प्रत्येक भिंत शत्रूसाठी नसते, हे येथे ध्यानात येते.

एका जुन्या मताची फेरतपासणी

सिरियाच्या वाळवंटात आंत्वान प्वादबार या फ्रेंच धर्मगुरूने १९२५ ते १९३२ या काळात विमानातून छायाचित्रे घेतली आणि ११६ रोमन किल्ल्यांची नोंद केली. हे किल्ले उत्तर-दक्षिण रांगेत असून पूर्वेकडून येणाऱ्या इराणी सैन्याविरुद्ध व भटक्या टोळ्यांविरुद्ध उभारलेली ती संरक्षणफळी होती, असे त्यांचे मत होते. जवळजवळ नव्वद वर्षे ते सर्वमान्य राहिले.

१९६० ते १९८० च्या दशकांत अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे पुढे खुली करण्यात आली. डार्टमथ महाविद्यालयाच्या जेसी कसाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर प्रदेशाची ही छायाचित्रे बारकाईने पाहिली. २०२३ मध्ये त्यांनी आणखी ३९६ किल्ले किंवा किल्लेवजा वास्तू जाहीर केल्या. या सर्वांची मांडणी नकाशावर केली असता उत्तर-दक्षिण रांग दिसत नाही. तैग्रिसकडून सिरियाच्या पश्चिम भागाकडे, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेने ती पसरलेली आढळते. व्यापारी तांडे जातात तीच ही दिशा होय. प्वादबार यांना रांग दिसली, कारण रांग असेल या अपेक्षेने त्यांनी जेथे विमान नेले तेथीलच किल्ले त्यांना दिसले, असे आता म्हणावे लागते. अर्थात छायाचित्रावरून आकार कळतो, वय कळत नाही. कोणता किल्ला कोणत्या शतकातला, हे सांगण्यास उत्खननच हवे.

आणि येथेच काळजीची बाब आहे. प्वादबार यांनी नोंदविलेल्या ११६ किल्ल्यांपैकी उपग्रहचित्रांत निश्चितपणे ओळखता आले ते केवळ ३८. उरलेल्यांपैकी कित्येक नांगराखाली, धरणांखाली व वस्तीखाली गेले असावेत. दीड हजार वर्षे टिकलेल्या भिंती पुसण्यास काही दशके पुरतात. आज बंगळुरात मुख्यालय असलेल्या इस्रोच्या उपग्रहांकडूनही भूमीची चित्रे नियमित घेतली जातात. ती चित्रे जपून ठेवली तर उद्याच्या संशोधकाला नाहीशा झालेल्या गोष्टीही पाहता येतील.

आपल्या देशातील एक कुंपण

हा विषय केवळ परदेशाचा आहे असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरील कर बुडू नये म्हणून सिंधू नदीपासून ओरिसातील महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. बुऱ्हाणपूरच्या बाजूने जाणारी ही रेषा १८६९-७० च्या सुमारास २,३०० मैल लांब असून तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहाऱ्यास होती. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर यांचे जिवंत कुंपण तिच्या बऱ्याच भागात वाढविले होते. जेथे झाडे जगत नसत तेथे वाळलेल्या काट्यांचा बांध किंवा दगडी भिंत घातलेली होती. पुढे काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक झालेले ॲलन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते. कुंपणाच्या एका बाजूस मीठ स्वस्त होते आणि दुसऱ्या बाजूस गरिबाला ते परवडत नसे. सांभर सरोवर भाडेपट्ट्याने ताब्यात आल्यावर मीठ उगमापाशीच करपात्र करता येऊ लागले आणि १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा मोडीत काढण्यात आली.

शतकभरात लोक ते कुंपण विसरून गेले. रॉय मॉक्सम या इंग्रज ग्रंथकाराने १९९८ साली इटावा जिल्ह्यात त्याचा एक अवशेष शोधून काढला. कल्पना करा की, कागदपत्रे नष्ट झाली आहेत आणि दोन हजार वर्षांनी एखाद्या संशोधकाला केवळ तो बांध, चौक्यांच्या जागा आणि दारे सापडली आहेत. ‘येथे शत्रूच्या स्वाऱ्या होत असाव्यात’ असे अनुमान तो सहज करील. वास्तविक तेथे शत्रू कोणी नव्हताच. डोक्यावर मिठाचे ओझे घेतलेला माणूस तेवढा होता.

वाळवंटातील रोमन भिंतींकडे पाहताना हे उदाहरण स्मरणात ठेवणे इष्ट आहे. भिंतीची उंची आणि लांबी मोजणे सोपे असते. परंतु ती कोणासाठी होती, हे तिच्या दारावरून, दारावरच्या दरपत्रकावरून आणि पहारेकऱ्याने खापरावर लिहिलेल्या हिशेबावरून कळते. ‘रानटी’ हा शब्द आतल्या बाजूस बसलेल्याने लिहिलेला असतो. बाहेरच्या माणसाने आपले म्हणणे लिहून ठेवलेले नसते. ते मेंढरांच्या वाटा, ओढ्यांतील बांध आणि चुलीपाशी सांडलेले जवाचे दाणे यांतूनच वाचावे लागते. पुराणवस्तुशास्त्राचे खरे कार्य ते हेच होय.