मुक्त आज्ञावलीकारांची परिषद आणि तिचे वक्ते

श्रोतेहो, आपल्या मालेत वक्त्याला निमंत्रण जाते. चिटणीस घरी येतात, चहा होतो, आणि वक्ता नको-नको म्हणत कबूल होतो. संगणकाच्या मुक्त आज्ञावल्या, म्हणजे कोणीही वाचाव्यात, सुधाराव्यात व वाटाव्यात अशा आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या परिषदांत बहुधा याच्या उलट रीत आहे. बोलू इच्छिणाऱ्याने आपण होऊन प्रस्ताव धाडावयाचा. परीक्षक तो वाचणार आणि पुष्कळदा परत करणार.

ब्रुसेल्सची फॉसडेम परिषद पाहा. २००० साली सुरू झालेली ही परिषद हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी विद्यापीठाच्या आवारात भरते. शुल्क नाही, नावनोंदणीही नाही. एकेका विषयाला एकेक दालन. त्याचे स्वयंसेवक व्यवस्थापक आपापले प्रस्ताव मागवितात. दालन भरले की दारावर तशी पाटी लागते आणि उशिरा आलेला बाहेर राहतो!

आता समजा, दहा जणांचा एक चमू आहे. कोणी पुण्यात, कोणी बर्लिनमध्ये. प्रत्येकाने गुपचूप प्रस्ताव धाडला, तर चौघे एकच विषय धाडतात. परीक्षक त्यांतला एक घेणार, आणि तो बहुधा परिचित नावाचा. ज्या विषयाची लोकांना खरी गरज, तो मात्र कोणीच मांडलेला नसतो.

म्हणून शहाणे चमू मुदतीच्या कित्येक आठवडे आधी एक सामाईक तक्ता करतात: परिषद कोणती, शेवटची तारीख काय, कोण काय धाडणार, मसुदा कोणी वाचला. यांतले मसुदा वाचणे हेच खरे काम होय. 'आमची नवी आवृत्ती' या मथळ्यात परीक्षकाला जाहिरातीचा वास येतो. सोबती विचारतो, "अरे, ऐकणाऱ्याने घरी काय न्यावे?" मग मथळा होतो, 'जुनी माहिती न गमावता नव्या आवृत्तीत कसे जावे'. माणूस तोच, काम तेच. पण आता ऐकावेसे वाटते.

यात एक धोका आहे. तक्ता सांभाळणारा हळूहळू दारवान होऊन बसतो. माझ्या मते तक्ता ही नोंदवही असावी, परवाना नव्हे. ज्याला एकट्याने धाडावयाचे त्याने खुशाल धाडावे. उलट, तक्त्यात कोणाचे नाव कधीच येत नाही, हे पाहण्यासाठीच त्याचा खरा उपयोग. आज्ञावलीची माहितीपत्रके लिहिणारी बाई किंवा भाषांतर करणारा विद्यार्थी "माझ्यापाशी सांगण्यासारखे काय आहे?" म्हणून मागे राहतात. त्यांना कोणीतरी "तुम्ही लिहा, मी बरोबर उभा राहतो" असे म्हणावे लागते, आणि जोडीने बोलावयास पुष्कळ परिषदांची ना नसते.

प्रवासखर्चाचा प्रश्न राहतोच. नोकरदाराला कंपनी भाडे देते, स्वयंसेवकाने कोठून आणावे? काही परिषदा मदत करतात, पण तिचा अर्ज वेगळा व मुदतही वेगळी. तीही तक्त्यात हवी. डेबियन मंडळींची वार्षिक परिषद देशोदेशी फिरते. २०२३ साली ती कोचीला भरली, तेव्हा आपल्याकडच्यांना रेल्वेने जाता आले. परत आलेला प्रस्तावही तक्त्यातून खोडू नये. परीक्षकाचा शेरा त्याच्यापुढे लिहून ठेवावा. पुढच्या परिषदेची मुदत फार लांब नसते.