अदृश्य सोबत्याचा हिशेब

बाजारात साठेबाज सहसा दृष्टीस पडत नाही. दिसतात ते चढणारे भाव. त्यांच्या चालीवरूनच पडद्याआडच्या हाताचा अंदाज बांधावा लागतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास ही रीत परिचयाची आहे. परंतु तिचा सर्वांत शुद्ध प्रयोग पाहावयाचा असेल, तर खगोलशास्त्राकडेच वळले पाहिजे.

श्रवण नक्षत्राचा ठळक तारा ज्या गरुड तारकासमूहात आहे, त्याच समूहात सुमारे १,९०० प्रकाशवर्षांवर एक राक्षसी तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ‘राक्षसी’ हे विशेषण त्याच्या फुगलेल्या आकारामुळे लाभलेले. वस्तुमानात तो सूर्याहूनही हलका आहे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘गाया’ यानाला हा तारा सरळ न जाता डोलत चालल्याचे आढळले. ११.६ वर्षांत तो एक दीर्घवर्तुळ पुरे करतो. या फेरीत सोबत्यापासूनचे त्याचे अंतर कधी सूर्य-गुरूमधील अंतराच्या जवळपास येते, तर कधी सूर्य-नेपच्यूनमधील अंतराच्या जवळपास जाते. मात्र सोबत्याच्या जागी काहीच दिसत नाही. कक्षेचा विस्तार आणि फेरीचा काळ कळला की केप्लर व न्यूटन यांच्या नियमांनी वस्तुमान निघते. ते निघाले सूर्याच्या ३३ पट! एवढी जड आणि तरीही प्रकाशहीन वस्तू म्हणजे कृष्णविवरच. एप्रिल २०२४ मध्ये हा शोध जाहीर झाला. आपल्या आकाशगंगेत ताऱ्याच्या अंतातून जन्मलेले इतके जड कृष्णविवर तोवर ठाऊक नव्हते. हंस तारकासमूहातील प्रसिद्ध कृष्णविवरही सूर्याच्या सुमारे २१ पटच भरते.

हंसातील कृष्णविवर सोबत्याचे द्रव्य ओढून घेते; ते तापून क्ष-किरण निघतात आणि त्याचा ठावठिकाणा लागतो. गरुडातील कृष्णविवर उपाशी, म्हणून मुके आहे. त्याच्याविषयी साक्ष देणारा एकच, तो डोलणारा तारा. या साक्षीदाराच्या वर्णपटात जड मूलद्रव्ये फारच थोडी आढळतात. अशा द्रव्यापासून बनलेले महाकाय तारे वाऱ्यावाटे आपले वस्तुमान कमी गमावतात व मागे मोठे कृष्णविवर ठेवतात, हे अनुमान त्यामुळे अधिक बळकट झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गायाची २०२२ मधील सूची ३४ महिन्यांच्या नोंदींवर आधारलेली होती. तीत हा सोबती सापडला नव्हता. नोंदी सुमारे साडेपाच वर्षांच्या झाल्या, तेव्हा तो हाती लागला. यान तेच, तारा तोच. भर पडली होती ती केवळ अखंड नोंदींची.

अशा कामाचा उपयोग काय, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न, आणि खर्च करणाऱ्या शासनांचाही. प्रश्न गैर नाही. पण वर्षाअखेरीस ताळेबंद मागणाऱ्याला अकरा वर्षांची फेरी कधीच दिसणार नाही, हेही तितकेच खरे. डिसेंबर २०१३ मध्ये निघालेल्या गायाचे निरीक्षण जानेवारी २०२५ मध्ये थांबले. यान निवृत्त झाले. जवळजवळ दोनशे कोटी ताऱ्यांची त्याची वही मात्र मागे उरली आहे. तिच्यात आणखी किती अदृश्य सोबती दडलेले आहेत, हे ती चिकाटीने वाचणाऱ्यालाच कळेल.