शिक्षकाची परीक्षा 'इलेक्ट्रॉनिक पोर्टफोलिओ'तून

भावी शिक्षकाला शिकवता येते का, हे लेखी परीक्षेतून कळत नाही. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'एडटीपीए' ही मूल्यमापन पद्धत विकसित झाली. छात्राध्यापकाने पाठांची टाचणे, वर्गात शिकवतानाची संपादन न केलेली चित्रफीत, विद्यार्थ्यांनी केलेले काम आणि या साऱ्यावरील स्वतःचे विवेचन इलेक्ट्रॉनिक पोर्टफोलिओच्या रूपात सादर करायचे. बहुतेक विषयांत १५ निकष, प्रत्येकाला पाचपैकी गुण. यातील विवेचन सर्वांत मोलाचे. विद्यार्थी कोठे अडला आणि त्यानुसार पुढचा पाठ कसा बदलला, हे आपल्याकडील बी.एड.च्या टाचणवहीत क्वचितच उमटते.

अडचणही तेथेच आहे. परीक्षक बाहेरचा, छात्राध्यापकाला तो भेटत नाही. त्याच्यासमोर काही मिनिटांची चित्रफीत आणि पानेच्या पाने मजकूर असतो. साहजिकच वर्गात साधारण, पण लेखणीत वाकबगार असलेला उमेदवार वरचढ ठरू शकतो. त्यात शुल्क ३०० डॉलर. विद्यार्थिदशेत ही रक्कम लहान नव्हे. न्यूयॉर्क राज्याने २०१४मध्ये शिक्षक-प्रमाणपत्रासाठी ही परीक्षा सक्तीची केली. २०२२मध्ये ती अट रद्द करून अध्यापनकौशल्याचे मूल्यमापन प्रशिक्षण संस्थांकडेच सोपवले. त्यामुळे छात्राध्यापकाचा वर्ग प्रत्यक्ष पाहिलेला प्राध्यापकही आता त्याचे मूल्यमापन करू शकतो.